वाऱ्याकडे पाठ करून

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं केंद्र आपल्या डाव्या अंगाला असतं. बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम. श्रीवर्धनला भूगोल शिकवायचे तेव्हा मुलांना मैदानात उभं करून मी तो घोकून घ्यायचे आणि मुलं हसायची. ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी, वीज गेली, मोबाइल बंद पडले, तेव्हा वादळ कुठवर आलंय हे कळायला एवढंच साधन उरलं.

आधी वारा डोंगराकडून, पूर्वेकडून येत होता. त्याच्याकडे पाठ केली की तोंड समुद्राकडे आणि डावा हात दक्षिणेला. म्हणजे वादळ अजून खालीच. दुपारी ते आमच्या उत्तरेला, दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि वारा फिरून समुद्राकडून यायला लागला. घात केला तो या दुसऱ्या वाऱ्याने. पूर्वेच्या माऱ्याने आधीच खिळखिळ्या झालेल्या पोफळी उलट झोताने मध्यातून मोडल्या. वाडीत पोफळी दाटीने उभ्या असतात, एक पडताना शेजारच्या दोघींना घेऊनच पडते. वाऱ्याचा वेग होता ताशी ११० ते १२० किलोमीटर. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तेव्हा श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नुकसान त्या एका हंगामापुरतं नव्हतं, हे पंचनाम्याच्या कागदावर कसं मांडणार?

एवढं बळ वादळाला पाण्यातून मिळतं. समुद्राचं तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, आणि नुसतं वरवर नाही, पन्नासेक मीटर खोलपर्यंत. मेअखेर अरबी समुद्र तीस अंशांच्या आसपास तापलेला असतो. त्यावरची दमट हवा वर चढते, वर गेल्यावर बाष्पाचं पाणी होतं आणि बाष्पात दडलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, खाली दाब घटतो आणि चहूकडून नवी दमट हवा आत धावते. आपलं जळण आपणच ओढून आणणारी चूल म्हणा ना! पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही धावती हवा सरळ केंद्रात न जाता आपल्याकडे घड्याळाच्या उलट गरगरते. विषुववृत्ताला अगदी लागून हा परिणाम नगण्य असतो, म्हणून तिथे पाणी कितीही तापलं तरी चक्रीवादळ सहसा होत नाही. जमिनीवर आलं की बाष्प तुटतं; निसर्गचा जोर पुणे-नाशिककडे सरकताना रात्रीपर्यंत ओसरला होता.

मग ऐन जुलैत, एवढा दमटपणा असताना, वादळं का होत नाहीत? तेव्हा खाली वारे पश्चिमेचे आणि वर, दहा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेचे असतात. ढगांचा मनोरा उभा राहण्याआधीच मोडतो. म्हणून आपल्या समुद्रात वादळांचे दिवस पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

वाट मात्र वादळ स्वतः ठरवत नाही, भोवतालची हवा त्याला नेते. अरबी समुद्रातली बरीच वादळं ओमान-येमेनकडे जातात, काही गुजरातकडे वळतात. निसर्ग आधी उत्तरेला चाललं होतं; त्याच्या पूर्वेला जास्त दाबाची हवा फिरत होती, तिने त्याला ईशान्येला, आमच्या अंगावर वळवलं. मुंबई त्याच्या डाव्या बाजूला राहिली, तिथे वारा जमिनीकडून आला आणि समुद्र मागे रेटला गेला. उजव्या बाजूला वादळाच्या भोवऱ्याचा वेग आणि त्याच्या चालण्याचा वेग एकत्र होतात. ती बाजू आमची.

वादळ आलं नाही तरी हवामानाची घडी विस्कटतेच. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ कोकणापासून दूर समुद्रातून उत्तरेला गेलं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकलं. मोसमी वाऱ्यांचं बाष्प त्याने स्वतःकडे ओढलं. ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोचलेला मान्सून तिथेच अडला. धूळवाफेवर भात पेरलेले शेतकरी रोज मला विचारत, ‘बाई, पाऊस कधी?’ शेवटी २५ जूनला तो मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. असं त्याआधी झालं होतं ते १९६१ मध्ये.