सोबत कोण?

आम्ही गटातल्या बाया देवाला जातो, लग्नकार्याला जातो. पण मनात आलं म्हणून एकटीनं, दोन दिवस? घरात पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण?"

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. खर्च कमी झाला, भीती राहिली. म्हणून आम्ही कोल्हापूरचा बेत सांगतो.

शनिवारी उजेडात पोचा. मुक्कामाला अंबाबाईच्या देवळाजवळ धर्मशाळा आहेत. आधार कार्ड न्या. खोलीची कडी आतून नीट लागते का, आधी बघा. दर्शन घ्या, शेजारीच भवानी मंडप आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर निवांत बसा. रविवारी एसटीनं पन्हाळा, सुमारे २० किलोमीटर. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारा. मुक्कामाचा पत्ता घरी सांगून ठेवा. अडचण आली तर ११२ लावा.

१७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या. त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली, पुढं पन्हाळ्यावर गादी उभी केली. आपल्याला तर फक्त एसटीत बसायचं आहे.

जाऊन आलात की गटाच्या बैठकीत सांगा. पुढची बाई त्या धीरावर निघेल.