करवंदाची एक जाळी म्हणजे एकच निरीक्षण

समजा, चाकणला किंवा मोशीला तुमच्या घरासमोर थोडी जागा आहे आणि तुम्हाला तिथे फळांसाठी ‘करंट’ लावायचंय. युरोपातलं खरं करंट, म्हणजे रायबीज, इथे जवळजवळ बाद. त्याच्या बहुतेक जातींना फुलण्यासाठी हिवाळ्यात ७ अंशांखाली साधारण ८०० तास किंवा त्याहून जास्त थंडी लागते. ८०० तास म्हणजे सलग ३३ दिवस. आपल्याकडे पहाटे स्वेटर लागतो, पण दुपारी पंखा सुरू होतो.

पण इंग्रजीत ज्याला ‘बंगाल करंट’ म्हणतात, ते आपलं करवंद. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरँडस. नाव सारखं असलं तरी कूळ वेगळं: हे कण्हेरीच्या कुळातलं, म्हणूनच तोडल्यावर चीक येतो. धडा पहिला: शोधनिबंध शोधताना नेहमी शास्त्रीय नावाने शोधा, नाहीतर भलत्याच झाडाची माहिती गोळा कराल.

आता प्रश्न निवडू. ‘कोणत्या खताने करवंदं जास्त लागतात?’ ऐकायला छान आहे. पण बियांपासून केलेलं रोप फळाला यायला साधारण तीन वर्षं लागतात. पीएचडीची तीन वर्षं पहिल्या फळाची वाट बघण्यातच जातील! शिवाय प्रत्येक बी आनुवंशिकदृष्ट्या वेगळी. फरक पडला तो खतामुळे की बियांमुळे, कसं सांगणार? एकसारखी रोपं हवी असतील तर पावसाळ्यात एकाच झाडावर गुटी कलमं बांधा, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’सारख्या वाणाची कलमं आणा.

एका मे महिन्यात उत्तर मिळेल असा प्रश्नही आहे, आणि तो तुम्ही लहानपणीच विचारलाय: कोंबडा की कोंबडी? करवंद चावलं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. मग हा रंग जाळीचा गुण आहे, की एकाच जाळीवर दोन्ही निघतात?

इथे बरेच जण घसरतात. एकाच जाळीची ५० करवंदं कापतात आणि लिहितात, ‘नमुना संख्या ५०’. ती ५० फळं एकाच आईची, एकाच मातीतली. जाळ्यांबद्दल बोलायचं असेल तर तुमची नमुना संख्या आहे १. याला सूडोरेप्लिकेशन म्हणतात, म्हणजे खोटी पुनरावृत्ती. त्याऐवजी १० जाळ्या घ्या, प्रत्येकीची ५ फळं. कापायची मेहनत तेवढीच, पण आता जाळीच्या आतला फरक आणि जाळ्या-जाळ्यांमधला फरक वेगळा काढता येतो. फळं एकाच पिकलेपणाची घ्या, नाहीतर रंगाऐवजी पिकणं मोजाल. आणि मावळातून आलेला द्रोण विकत आणून हे होणार नाही, कारण त्यात कुठल्या जाळीचं फळ कुठलं, हे हरवलेलं असतं.

खाल्लेल्या बिया टाकू नका. त्यांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून धुऊन ताज्याच पेरा. रोप उन्हात लावा. काळी माती असेल तर खड्ड्यात मुरूम मिसळा, मुळाशी पाणी साचू देऊ नका. काटे आहेत, तेव्हा फाटकाजवळ नको, कुंपणाला लावा.

आणि लावताना प्रत्येक रोपाला क्रमांक द्या. तीन वर्षांनी कोंबडा निघाला, तर तो कुठल्या आईचा हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.