दाण्यातलं नेमकं काय?

दोन वर्षं आमच्या घरात दाण्याचं कूट नव्हतं. साबुदाण्याची खिचडी ओल्या खोबऱ्यावर भागायची. चटणी, चिक्की बंद. कारण एक कागद. पावसाळा सरताना लेकीला शिंका येत, नाक वाहत राही. म्हणून रक्ताची ॲलर्जी तपासणी एकदमच भरपूर पदार्थांसाठी करून घेतली, आणि शेंगदाण्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं. त्याआधी ती दाणे मूठमूठ खायची आणि तिला कधीच काही झालं नव्हतं. हे कुणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही.

पुढे ज्या ॲलर्जीतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मग नीट समजावलं. तपासणीत शोधतात ती आयजीई ही अँटिबॉडी. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे अमेरिकेत काम करणारं जपानी दांपत्य आणि स्वीडनचे योहान्सन व बेनिक यांनी १९६६-६७च्या सुमारास ती स्वतंत्रपणे शोधली. नेहमीच्या तपासणीत अख्ख्या दाण्याचा अर्क वापरतात. पण दाण्यात प्रथिनं अनेक. मॉलिक्युलर चाचणीत ती सुटी करून, आयजीई नेमकी कशाला चिकटते ते पाहतात.

या प्रथिनांची नावं वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून पडतात. ‘अराकिस हायपोजिया’ म्हणजे भुईमूग, म्हणून ‘अरा एच २’. हे दाण्यातलं साठ्याचं प्रथिन. भाजून जात नाही, जठरातही बराच वेळ टिकतं. गंभीर त्रासाशी त्याचाच संबंध जास्त. ‘अरा एच ५’ हे प्रोफिलिन मात्र शिजवल्यावर आणि पोटात लवकर मोडतं. झालीच तर बहुधा तोंडाला खाज. शिवाय गवतांच्या परागातही अगदी तसंच प्रोफिलिन असतं, म्हणून परागावर तयार झालेली आयजीई दाण्यालाही चिकटते.

लेकीच्या रक्तात ‘अरा एच २’ आणि दाण्यातली साठ्याची बाकीची प्रथिनं निगेटिव्ह आली. प्रोफिलिन पॉझिटिव्ह, आणि हराळीचं ‘सिन डी १’सुद्धा. हराळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा. लेकीचा खरा त्रास त्या गवताच्या परागाचा होता. तरीही डॉक्टरांनी नुसत्या कागदावर विसंबून परवानगी दिली नाही. रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडे थोडे वाढवत तिला दाणे खायला दिले. काही झालं नाही.

मॉलिक्युलर चाचणी महाग आहे आणि प्रत्येकाला लागत नाही. खाल्ल्यावर काय झालं, किती वेळात झालं, हे आधी डॉक्टरांना सांगा. त्या हकिकतीशिवाय रक्तातला आकडा मुका असतो.

आमच्याच मजल्यावरच्या एका मुलाला ‘अरा एच २’ची ॲलर्जी आहे. चिक्कीच्या एका तुकड्यानं त्याचा श्वास अडकला होता. त्याच्या दप्तरात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतं. तो खेळायला येणार असला की मी कुटाचा डबा वर ठेवते आणि ओटा, मिक्सरचं भांडं घासून काढते. दोघांच्या पहिल्या कागदावर शब्द एकच होता.