बंदुकीची बॅग आणि कॉलेजचं फाटक

रोह्यात दसऱ्याच्या उत्सवात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेली ही प्रथा आहे. गर्दीतली पोरं टाचा उंचावून त्या रायफली बघतात आणि कोणाच्याही मनात धास्ती येत नाही. त्या कोणाच्या, कोणाच्या हुकमाने बाहेर आल्या आणि काम झाल्यावर कुठे जमा होणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

याच रोह्यातून किंवा पुढे पेणमधून एखादा कॉलेजचा मुलगा लांबट काळी बॅग खांद्याला लावून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत चढला, तर मात्र नजरा बदलतात. बॅगेत एअर रायफल आहे, ती खेळाची आहे, हे त्याला डब्यात एकदा समजावून सांगता येतं. कॉलेजात सांगूनही भागत नाही. गेटवरच्या रखवालदाराला शंका, कार्यालयाला काळजी, वर्गातल्या मुलांना नको तितकं कुतूहल. बंदुकीची आवड असलेला विद्यार्थी म्हणजे नेमका कोण, हे कोणी विचारून घेत नाही आणि मग प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे त्याच्याबद्दल समजूत करून घेतो.

ही भीती खोटी नाही, आणि रायगड जिल्ह्यात तर नाहीच. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि शस्त्रं उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. त्यानंतर या किनाऱ्यावरच्या गावांनी चौकशा, नाकाबंदी आणि बदनामी वर्षानुवर्षं सोसली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ ही बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा सारा जिल्हा पुन्हा हादरला. खवळलेल्या समुद्रात खलाशांनी सोडून दिलेली ती नौका वाहत आली होती, घातपाताचा संबंध नव्हता. पण तो खुलासा होईपर्यंत जिल्हाभर नाकाबंदी लागलीच. त्यात अलीकडे मोबाइलवरच्या रीलची भर पडली आहे. कमरेला गावठी कट्टा खोचून गाण्यावर चालणारी पोरं आणि त्यांच्यावर शस्त्र कायद्याखाली दाखल होणारे गुन्हे, या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर हे सगळं असतं. त्यांनी बॅगकडे संशयाने पाहिलं, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरी कोकणात बंदूक ही परकी वस्तू कधीच नव्हती. रानडुकरं आणि माकडं यांच्यापासून शेती-बागायत राखायची, तर शेती संरक्षणाचा परवाना काढून घरात एक बंदूक ठेवायची, ही जुनी रीत. पुष्कळ घरांत ती ठासणीची असते: नळीत दारू आणि छरे गजाने ठासायचे आणि मग बार काढायचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती नीट ठेवायची आणि आचारसंहिता उठली की परत आणायची. अशा घरातून आलेल्या विद्यार्थ्याला बंदूक म्हणजे कोयत्यासारखंच आजोबांचं अवजार वाटतं. शहरातून आलेल्या प्राध्यापकाच्या लेखी तीच बंदूक म्हणजे गुन्ह्याची बातमी. दोघे एकाच वर्गात बसतात.

महाराष्ट्रातल्या कॉलेजात बंदूक खरोखर वाजलेली आहे, आणि ती घटना प्रसिद्ध आहे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचं ग्रंथालय पाहायला आले. तिथेच वासुदेव बळवंत गोगटे या कॉलेजच्या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले, गोगट्यांना शिक्षा झाली. सोलापुरात लष्करी कायदा लावून केलेले अत्याचार आणि त्यानंतरच्या चार फाशा यांचा तो संताप होता. त्या काळी भारतीयाच्या हातातलं शस्त्र हाच सरकारच्या लेखी गुन्हा होता. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळीक दिली. पुढच्याच वर्षी रायगडमधल्याच शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. त्यामुळे मराठी मनात विद्यार्थी आणि पिस्तूल ही जोडी एकीकडे देशभक्तीची आणि दुसरीकडे धोक्याची म्हणून बसली. खेळाची म्हणून ती बसायला फार उशीर लागला.

खेळाचा पाया घातला तो एका गांधीवाद्याने. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात पुढाकार त्यांचाच. आजही राष्ट्रीय अजिंक्यपदाकडे जाणारा नेमबाज ज्या पात्रता स्पर्धेतून जातो, ती मावळंकरांच्या नावाने भरते. अहिंसेला आयुष्य वाहिलेल्या माणसाला नेमबाजीत काही विसंगत वाटलं नाही, हे कॉलेजच्या क्रीडा समित्यांनी लक्षात घ्यावं इतकं महत्त्वाचं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण गोंधळ इथेच होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणात, ठरवून दिलेल्या अटींखाली ती वापरण्याची सवलत मात्र त्याच कायद्यात आहे. परवाना मिळाला तरी त्यावर छापलेली एक अट फार थोडे लोक वाचतात: जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येणार नाही. म्हणजे शेती संरक्षणाची बंदूक कॉलेजात आणणं हा थेट अटीचा भंग आहे, हौस म्हणून मित्रांना दाखवायला आणली तरीही. ही अट योग्यच आहे आणि तिच्यात कोणी सूट मागू नये.

एअर रायफलची गोष्ट वेगळी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत ताकदीची हवेची बंदूक असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेतल्या रायफलीची ताकद साधारण साडेसात जूल असते. याचा अर्थ ती खेळणं आहे असा नाही. जवळून डोळ्याला लागली तर डोळा जातो. परवाना लागत नाही म्हणून कॉलेजच्या परवानगीची गरज संपते, असंही नाही. पण ठासणीची बंदूक, गावठी कट्टा आणि एअर रायफल यांना एकाच मापाने मोजणारा फलक गेटवर लावून प्रश्न सुटत नाही.

एनसीसी असलेल्या कॉलेजात तर बंदूक अधिकृतपणे हातात दिली जाते. १९४८ च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली. चीन युद्धानंतर १९६३ पासून काही वर्षं ती कॉलेजात सक्तीचीही होती. कॅडेटच्या वाट्याला येते ती .२२ ची रायफल. फायरिंगच्या दिवशी तो पोटावर झोपतो, दस्ता खांद्याच्या खोबणीत बसवतो, गाल दस्त्याला टेकवतो, अर्धा श्वास सोडून उरलेला धरतो आणि ट्रिगर हिसका न देता हळू दाबतो. पाच गोळ्या एकमेकींजवळ किती पडल्या, त्या ‘ग्रुपिंग’वरून त्याची परीक्षा. हुकूम झाल्याशिवाय रायफलीला हात लागत नाही, नळीचं तोंड टार्गेटची दिशा सोडत नाही आणि शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. एकही कमी पडून चालत नाही. बंदुकीचं वेड असलेल्या मुलाला जबाबदारी शिकवणारी याहून चांगली शाळा कॉलेजात दुसरी नाही.

अंजली भागवत याच वाटेने आली. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात ती एनसीसीत होती, तिथून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर आणि संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली गेली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोचली. पुढे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद जिंकलं, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये अठराव्या वर्षी कैरोत जगज्जेता झाला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, खेडेगावातल्या घरातला मुलगा. पेण-रोह्याच्या पोरांना तो आपला वाटतो, आणि त्यांच्या पालकांना आता निदान एक नाव माहीत आहे.

पेण-रोहेकरांना सगळ्यात जवळचं नाव मात्र पनवेलचं आहे. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली, त्याच वर्षी अथेन्सच्या अंतिम फेरीत खेळल्या आणि नंतर पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ‘लक्ष्य’ हा नेमबाजी क्लब उभा केला. पॅरालिंपिक सुवर्णविजेती अवनी लेखरा त्यांचीच शिष्या. २०२२ साठीचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. म्हणजे जगातल्या उत्तम प्रशिक्षकांपैकी एक याच जिल्ह्यात आहे. रोहा ते पनवेल हा रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास, पेण त्याच्या मधेच. सकाळचं कॉलेज सांभाळून रोज जाणं-येणं अवघड आहे, पण हा पत्ता नकाशाबाहेरचा नाही.

या खेळात नेमकं काय घडतं, ते एकदा जवळून पाहिलं की पुष्कळशी भीती ओसरते. दहा मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो; छरा साडेचार मिलिमीटरचा. ६० फैरी, ७५ मिनिटं. जाड कॅनव्हास-चामड्याचं जॅकेट, ताठ पँट, सपाट तळाचे बूट घालून मुलगी उभी असते. रायफल पाच किलोच्या आसपास. ती नेम धरते, श्वास ठरत नाही, रायफल खाली घेते. पुन्हा धरते. तीन-तीनदा धरून एकही छरा न सोडणं हे तिच्या खेळातलं कौशल्य मानलं जातं. रागाने, घाईने किंवा दिखाव्याने इथे एक गुणही मिळत नाही. रीलवाल्या पोराला ही उभं राहण्याची शिक्षा आठवडाभरही झेपणार नाही.

बाहेरच्या जगाने दोन्ही टोकं करून पाहिली आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. तरी टेक्सासने १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांत परवानाधारकांना छुपं पिस्तूल बाळगायला मोकळीक दिली. तिकडे शिकायला मुलं पाठवणाऱ्या मराठी घरांना ही धास्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ब्रिटनने उलट केलं. १९९६ च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर पिस्तुलांवर इतकी कडक बंदी आली, की तिथल्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेश गाठावा लागला. आपल्याला यातलं काहीच उचलायची गरज नाही, कारण आपला कायदा शस्त्र आवाराबाहेर ठेवतो आणि खेळाला जागा देतो. अडचण अंमलाची आहे.

पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय असो की रोह्याचं चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं, दोन्ही मुंबई विद्यापीठाची, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत नेमबाजी हा रीतसर खेळ आहे. कॉलेजांनी मनावर घेतलं तर दहा मीटरची रेंज एखाद्या लांब खोलीतही बसते: एका टोकाला छरे अडवणारी भक्कम भिंत, टार्गेटवर चांगला उजेड, फायरिंग लाइनच्या पुढे दार नाही, आणि कोणी पुढे गेलं की सगळ्या रायफली खाली. रायफली मुलांच्या घरी नाहीत, कॉलेजच्या लोखंडी कपाटात. दोन कुलपं, एक किल्ली क्रीडा शिक्षकाकडे, दुसरी कार्यालयात. बाहेर काढताना आणि ठेवताना वहीत सही. स्पर्धेची रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, त्यामुळे सुरुवातीला दोन साध्या रायफली सगळ्यांत मिळून वापराव्या लागतील. स्पर्धेला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि रायफल संघटनेचं ओळखपत्र असावं, म्हणजे गाडीत पोलिसाने हटकलं तर ते दाखवता येईल. स्थानिक पोलीस ठाण्याला आधीच कळवावं, पालकांना वर्षातून एकदा रेंजवर बोलवावं आणि त्यांच्यापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना दोन-चार छरे स्वतः मारू द्यावेत.