नारिंगी काच काढताय?

एमएच ११ असो की एमएच १०, जुनी गाडी हातात आली की नजर आधी हेडलाइटकडे जाते. कोपऱ्यातली ती नारिंगी काच! ‘काढून टाक, गाडी एकदम क्लीन दिसेल,’ असं तुमच्या ग्रुपमध्येही कुणीतरी म्हणालं असेलच. हीट गनने सील मऊ करायचं, काच उचकटायची, नारिंगी प्लास्टिक काढून सिलिकॉनने परत चिकटवायचं. घरच्या घरी जमतं की!

जमतं, पण त्या काचेमागचा बल्ब बहुतेक वेळा साधा असतो. रंग काचेचा. ती गेली की इंडिकेटर पांढरा लुकलुकणार, तोही हेडलाइटला चिकटून. ऊसतोडीच्या दिवसांत, रात्री इस्लामपूरकडे जाताना समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली येतेय आणि तुम्ही उजवीकडे वळायला साइड दाखवताय. पांढऱ्या झगझगाटात त्या ट्रॅक्टरवाल्याला काय कळणार? पारदर्शक काचेच्या गाड्यांत बल्बच नारिंगी असतो, तो उगाच नाही.

सीलचं दुखणं वेगळंच. सिलिकॉन नीट बसलं नाही, की पावसाळ्यात यवतेश्वर घाटातून कासला जाताना काचेला आतून वाफ धरते. हळूहळू रिफ्लेक्टरची चकाकी जाते. आणि धुकं तर तिथं पाचवीला पुजलेलं!

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड ५ हजार रुपये, तोही प्रत्येक बदलामागे. सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

लुकच हवाय ना? हेडलाइटचं प्लास्टिक पिवळट पडलं असेल तर बारीक वॉटर पेपर मारून पॉलिश करा. रविवारची एक सकाळ पुरते.