राजेवाडीच्या पाटावरचा माणूस

सातारा-सांगलीच्या शिवेवर माण नदी अडवून बांधलेला राजेवाडी तलाव जुन्या कागदांत म्हसवड तलाव म्हणून ओळखला जातो. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो हाती घेतला गेला. नाव म्हसवडचं, पण पाटाचं पाणी जातं खाली आटपाडी-सांगोल्याच्या शिवारात!

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटी चढवण्या-उतरवण्यासाठी दारं असतात आणि दारवाल्याला कालव्याकाठी घर मिळे. आपल्याकडे बोट नाही, दार उघडतं ते भिजवण्यासाठी. ते उघडणारा पाटकरी, कुठं चौकीदार. त्याच्या वर मोजणीदार, कालवा निरीक्षक, शाखा अभियंता. शेतकरी पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, शेजपाळी म्हणजे पाणी घ्यायचा ठरलेला क्रम लागतो आणि पाळी शेपटाकडून मुखाकडे यायची असते. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात मुखाकडचा ऊसवाला रात्री दार वर उचलतो आणि शेपटाच्या ज्वारीला पाळी संपता संपता चिखल पोचतो. दोघांच्या मध्ये हा पाटकरी, हातात बॅटरी, बहुधा त्यांच्याच भावकीतला. दार पाडलं तर शिव्या, नाही पाडलं तर साहेबांचा मेमो.

एवढी जोखीम ज्याच्या अंगावर, त्याला पाटबंधारे खात्यानं वर्षानुवर्षं मस्टरवर, रोजंदारीनं राबवलं. साठच्या दशकातल्या कालेलकर निवाड्यानं वाट काढली: सलग पाच वर्षं भरली की रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घ्यायचं. सगळी मेख त्या ‘सलग’मध्ये. मध्ये खंड दाखवला की वर्षं वाया, मग कामगार न्यायालयाचे खेटे. पाणी मात्र खंड पाहून थांबत नाही.

खानदेशात पांझरेकाठच्या फडांत, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून चालवलेल्या सिंचनात, पाटकरी शेतकरीच नेमत आणि सुगीला त्याला धान्य घालत. मला ती रीत जास्त खरी वाटते, कारण पाणी कमी आलं तर जाब विचारणारा आणि मजुरी देणारा एकच असे. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या राज्य कायद्यानं पाणीवापर संस्थांना मोजून पाणी द्यायचं ठरवलं, संचालकांत मुख, मध्य, शेपूट अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी घेतले. म्हणजे संस्था आहे तिथं आता चारीवरचा माणूस संस्थेचा, पगारही संस्थेचा. पाणीपट्टी थकली की पहिला मार त्याच्याच पगाराला.

म्हणून संस्थांना एवढंच सांगणं: वार्षिक सभेत पाणीपट्टीचा दर ठरवताना पाटकऱ्याचा पगार आधी धरा, कचेरीच्या रंगरंगोटीचं नंतर बघा.