भोर घाटाच्या संदर्भात चाक व रूळ यांमधील स्पर्शबलांचे प्रतिमान

प्रस्तावना

मुंबई-पुणे लोहमार्गावरील भोर घाट १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यातील सर्वाधिक चढ ३७ मीटर अंतरास १ मीटर इतका आहे. तेथे अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. याचे कारण केवळ इंजिनाच्या शक्तीत शोधून चालत नाही. चाक रुळाला किती धरते, हेही पाहावे लागते. प्रस्तुत लेखात या स्पर्शाच्या गणिती प्रतिमानाचा परिचय करून दिला आहे.

लंब बल

डब्ल्यूएजी-७ या १२३ टनी इंजिनाच्या १२ चाकांपैकी प्रत्येकावर सुमारे १०.२५ टन भार येतो. तो साधारण १ चौरस सेंटिमीटर, म्हणजे नखाएवढ्या स्पर्शक्षेत्रातून रुळावर उतरतो. हर्ट्झ यांच्या १८८२ च्या सिद्धांतानुसार हे क्षेत्र लंबवर्तुळाकार असून मध्यावरील दाब सरासरीच्या दीडपट असतो. भार दुप्पट झाल्यास क्षेत्रही विस्तारते. त्यामुळे दाब सुमारे २६ टक्केच वाढतो.

स्पर्शिकीय बल

इंजिनासह १००० टन वजनाच्या गाडीस केवळ चढासाठी १००० ÷ ३७, म्हणजे सुमारे २७ टन ओढ लागते. कोरड्या रुळावर घर्षणांक ०.३० धरल्यास एका इंजिनाची कमाल ओढ सुमारे ३७ टन येते. पावसात तो ०.१५ झाल्यास ही मर्यादा १८.५ टनांवर येते आणि चाके जागीच फिरू लागतात.

मात्र या मर्यादेपर्यंत बल कसे वाढते, हे घर्षणाच्या साध्या नियमातून कळत नाही. ओढ देताना चाकाच्या परिघाचा वेग गाडीच्या वेगाहून किंचित अधिक असतो. स्पर्शक्षेत्राचा पुढील भाग रुळाला चिकटून राहतो, तर मागील भाग घसरतो. या सूक्ष्म घसरणीचे गणित कार्टर यांनी १९२६ मध्ये मांडले. काल्कर यांनी १९६७ मध्ये त्यात आडवी घसरण व चाकाचे स्पर्शबिंदूभोवती वळणे समाविष्ट केले. त्यांची १९८२ ची 'फास्टसिम' ही जलद गणनपद्धती गाडीच्या गतीच्या संगणकीय अभ्यासात उपयोगी ठरली.

समारोप

या प्रतिमानांत घर्षणांक बाहेरून पुरवावा लागतो. पाणी, तेल वा पालापाचोळा यांचा पातळ थर तो बदलतो. रुळावर टाकलेली वाळू तो पुन्हा वाढवते. म्हणून घाटासाठी केलेल्या गणिताची विश्वासार्हता अखेर प्रत्यक्ष रुळावरील मोजणीवरच अवलंबून राहते.